ख्रिस्ती प्रार्थनेचें मर्म

जो परमेश्वर सर्वज्ञ आहे त्याला आपली गरज सांगावयाची ती कशाला ? आणि जो परम दयाळु आहे त्याच्यापाशीं मागावयाचें तें तरी कशाला ? न मागतां तो देणार नाहीं काय ? हा प्रश्न सुशिक्षित घरांतून वारंवार निघतो. वडील मंडळी देवघरांत बसलेली असतात, आणि नुकताच तर्कशास्त्र वाचूं लागलेला मुलगा दाराशीं उभा राहून हेंच विचारतो. प्रश्न पोरकट नाहीं. ज्या ज्या धर्मानें सगुण ईश्वराशीं बोलण्याचा प्रघात पाडला, त्या त्या धर्मांतील विचारी पुरुषांस तो सोडवावा लागला आहे. ख्रिस्ती धर्मानें त्याचें काय उत्तर दिलें, आणि त्या उत्तरांत आपल्या घरांस उपयोगी पडण्याजोगें कांहीं आहे काय, याचा आम्ही आज विचार करणार आहों.

आपल्यापैकीं पुष्कळांची ख्रिस्ती प्रार्थनेशीं ओळख वरवरची असते. मिशनच्या शाळेंत वर्ग सुरू होण्यापूर्वीं डोळे मिटून ऐकलेले चार शब्द, किंवा एखाद्या ख्रिस्ती स्नेह्याच्या घरीं जेवणापूर्वीं मानलेले देवाचे आभार, एवढ्यावरून आपण असा ग्रह करून घेतों कीं, ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे देवापुढें ठेवलेली मागण्यांची यादी; तींत चिंतन नाहीं, आणि निष्कामता तर नाहींच नाहीं. हा ग्रह कितपत खरा आहे हें पाहावयाचें असेल, तर खुद्द येशू ख्रिस्तानें शिकविलेली आणि त्या धर्माच्या बहुतेक सर्व पंथांस मान्य असलेली जी 'प्रभूची प्रार्थना', तीच हातीं घेणें हा सरळ मार्ग होय.

ही प्रार्थना नव्या करारांत दोन ठिकाणीं आली आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायांत, आणि कांहींशी संक्षिप्त अशी लूकच्या ११ व्या अध्यायांत. लूक सांगतो कीं, येशूची प्रार्थना आटोपल्यावर एका शिष्यानें त्यास विनंती केली, योहानानें आपल्या शिष्यांस प्रार्थना करावयास शिकविलें, तसें आपण आम्हांस शिकवावें. मत्तयाच्या ग्रंथांत ती डोंगरावरील प्रवचनाच्या ओघांत येते, व तिच्या आधीं दोन इशारे येतात. पहिला असा कीं, लोकांनीं पाहावें म्हणून चव्हाट्यावर उभें राहून प्रार्थना करूं नये. आंतल्या खोलींत जाऊन दार लावून करावी. दुसरा असा कीं, शब्दांचा पसारा मांडूं नये. कारण मागण्याच्या आधींच आपली गरज देवास ठाऊक असते. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आमच्या तर्कशास्त्री मुलाचा जो आक्षेप, तो प्रार्थना शिकविणाऱ्या गुरूनें स्वतःच आधीं मांडला आहे, आणि तो मान्य करून लगेच प्रार्थना शिकविली आहे. तेव्हां देवाला बातमी पोंचविणें हा या प्रार्थनेचा हेतु खासच नव्हे. मग तो हेतु कोणता ?

प्रार्थना फार लहान आहे. सावकाश म्हटली तरी मिनिटाच्या आंत संपते. आरंभीं परमेश्वराला पिता म्हणून हांक आहे. पुढें तीन मागण्या देवाच्या संबंधानें आहेत: त्याचें नाम पवित्र मानलें जावें, त्याचें राज्य यावें, त्याची इच्छा पृथ्वीवरहि पार पडावी. त्यानंतर मनुष्याच्या मागण्या सुरू होतात: अन्न, क्षमा, मोहाच्या प्रसंगापासून रक्षण आणि दुष्टापासून सुटका. शेवटीं प्रॉटेस्टंट मंडळी जी स्तुतिपर समाप्ति म्हणतात, ती अगदीं जुन्या हस्तलिखितांत आढळत नाहीं. या क्रमाकडे नीट लक्ष दिल्यास असें दिसतें कीं, स्वतःचें कांहीं मागण्यापूर्वीं मागणाऱ्यानें देवाच्या इच्छेला आपली संमति देऊन टाकलेली असते. आधीं संमति, मग मागणी. ही यादीची पद्धत नव्हे.

व्याकरणाची आवड असणाऱ्यांस आणखी एक गोष्ट जाणवेल. या संपूर्ण प्रार्थनेंत प्रथमपुरुषाचें एकवचन एकदांहि आलेलें नाहीं. खोलीचें दार लावून एकट्यानें म्हटली तरी ती 'आम्हां'साठींच म्हणावी लागते. आपल्या गायत्रींतहि बुद्धीला प्रेरणा मागतांना बहुवचनच योजिलें आहे, आणि ज्ञानेश्वरांचें पसायदान तर भूतमात्रांसाठीं आहे, हें येथें सहज आठवतें. जो एकटा आपल्या पोळीवर तूप ओढूं पाहतो, त्याला ही प्रार्थना प्रामाणिकपणें म्हणतांच येत नाहीं.

अन्नाच्या मागणींतील भाकरीचें विशेषण मोठें कुतूहलाचें आहे. मूळ ग्रीक शब्द 'एपिऊसिऑस' हा इतका विरळा आहे कीं, ओरिजेन या तिसऱ्या शतकांतील पंडितानेंहि, हा शब्द ग्रीक ग्रंथकारांत किंवा लोकांच्या बोलण्यांत आढळत नाहीं, अशी नोंद करून ठेविली आहे. कोणी त्याचा अर्थ 'रोजची' असा करतात, कोणी 'उद्यांची', कोणी 'जगण्यास अवश्य तेवढी'. बायबलाचें लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनें तर एकाच शब्दाला मत्तयाच्या पाठांत एक व लूकच्या पाठांत दुसरा, असे दोन प्रतिशब्द दिले. अर्थ कोणताहि घ्या; मत्तयाच्या पाठांत 'आज' हा शब्द आहेच. वर्षाची बेगमी मागितलेली नाहीं, कोठारें भरून मागितलेलीं नाहींत.

परंतु या प्रार्थनेचें खरें मर्म आमच्या मतें पुढच्या मागणींत आहे, आणि ती मागणी आहे क्षमेची. इतर मागण्या बिनशर्त आहेत. हिला तेवढी एक अट जोडलेली आहे, आणि ती अट देवावर नसून मागणाऱ्यावर आहे. आम्ही जसे आमच्या अपराध्यांस सोडतों तसें तूं आम्हांस सोड, असा तिचा आशय. मत्तयाच्या मूळ पाठांत येथें अपराधाला 'कर्ज' या अर्थाचा शब्द आहे. येशूच्या आरमाईक भाषेंतहि कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालत असे. आपल्या वैदिक भाषेंत 'ऋण' शब्दाला देणें आणि दोष असे दोन्ही अर्थ आहेत, तोच हा प्रकार. प्रार्थना संपल्याबरोबर येशू तींतील एकाच मागणीवर भाष्य करतो, व ती हीच: तुम्ही लोकांस क्षमा केली नाहीं, तर तुम्हांसहि मिळावयाची नाहीं.

पुढें १८ व्या अध्यायांत यावर एक दृष्टांत आहे. एका राजाच्या चाकराला १०,००० टॅलंट देणें होतें; राजानें तें सर्व सोडून दिलें. तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याला १०० दिनारांसाठीं गळा धरून तुरुंगांत घालतो. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि टॅलंट म्हणजे सुमारें ६,००० दिनार. म्हणजे ज्याला ६ कोटी दिवसांची मजुरी माफ झाली, तो १०० दिवसांच्या मजुरीवर अडून बसला. अपूर्णांकाचा हिशेब करणाऱ्यांस हें प्रमाण काढून पाहण्यासारखें आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. याचें शास्त्रीय उत्तर ख्रिस्ती आचार्यांनीं कसें दिलें ? सन ४१० मध्यें व्हिसिगॉथ लोकांनीं रोम शहर लुटलें, तेव्हां तेथील प्रोबा नांवाची एक थोर घराण्यांतील श्रीमंत विधवा उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आश्रयास आली. प्रार्थना कशी व कशासाठीं करावी असें तिनें हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यांस पत्रानें विचारलें, व त्यांनीं सन ४१२ च्या सुमारास तिला लांबलचक उत्तर लिहिलें. देशोधडीला लागलेली स्त्री, आणि विचारते प्रार्थनेविषयीं. तेव्हां हा प्रश्न केवळ वादविवादाचा नव्हता. ऑगस्टीन यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, देवाला आपली इच्छा कळावी म्हणून प्रार्थना नाहीं. आपली इच्छा वाढावी, शुद्ध व्हावी, आणि तो जें देऊं इच्छितो तें घेण्याची शक्ति आपल्या ठायीं यावी, म्हणून प्रार्थना आहे. देणें मोठें आणि आपलें भांडें लहान. तें भांडें रुंद करणें हें प्रार्थनेचें काम.

तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस या महापंडितानें हाच प्रश्न तर्काच्या शिस्तीनें हाताळला. प्रार्थनेनें देवाचा संकल्प बदलतो असें म्हणावें, तर देव चंचल ठरतो. सर्व कांहीं आधींच ठरलेलें म्हणावें, तर प्रार्थना व्यर्थ ठरते. त्यानें तोड काढली ती अशी: कार्य कोणतें व्हावयाचें एवढेंच देवानें ठरविलेलें नसतें, तें कोणत्या कारणांनीं व्हावयाचें हेंहि ठरविलेलें असतें, आणि मनुष्याची प्रार्थना हें त्यांपैकीं एक कारण आहे. धान्य यावें असें ईश्वराच्या मनांत असलें म्हणून शेतकरी पेरणी टाळीत नाहीं. पेरणीहि त्याच योजनेचा भाग असते. आमच्याकडील दैव आणि पुरुषकार यांच्या वादाशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस ही विचारसरणी परकी वाटणार नाहीं.

येथें आजचा वाचक म्हणेल, हें सर्व ठीक. पण मागितलें तें मिळतें काय? हा प्रश्न पाश्चात्त्यांनींहि आंकडे घेऊन तपासला आहे. सन १८७२ मध्यें फ्रान्सिस गाल्टन यानें दाखविलें कीं, ज्यांच्या दीर्घायुष्यासाठीं सारी प्रजा देवळांतून प्रार्थना करते, त्या राजघराण्यांतील पुरुषांचें आयुर्मान इतर सुखवस्तु वर्गांपेक्षां कमीच भरतें. अमेरिकेंत ६ रुग्णालयांतील हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांवर केलेल्या पाहणीचा निष्कर्ष सन २००६ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठीं अपरिचितांनीं प्रार्थना केली त्यांपैकीं शेंकडा ५२ जणांस, व ज्यांच्यासाठीं केली नाहीं त्यांपैकीं शेंकडा ५१ जणांस शस्त्रक्रियेनंतर कांहीं ना कांहीं उपद्रव झाला; म्हणजे फरक नाहींच. उलट, आपल्यासाठीं प्रार्थना चालली आहे असें ज्यांस निश्चित सांगितलें होतें, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ५९ निघालें.

हे आंकडे पाहून ज्याची श्रद्धा डळमळेल, त्यानें गेथशेमानेच्या बागेकडे पाहावें. जेरूसलेमजवळ जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशीं ही बाग आहे. तिच्या नांवाचा अर्थ तेलाचा घाणा. पकडलें जाण्यापूर्वींच्या रात्रीं येशूनें तेथें एकच प्रार्थना तीन वेळां केली: शक्य असल्यास हें दुःख टळावें; तरी माझ्या नव्हे, तुझ्याच इच्छेप्रमाणें व्हावें. दुःख टळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं क्रूसावर मरण आलें. ज्या धर्माच्या संस्थापकाचीच मागणी मान्य झाली नाहीं, त्या धर्माला प्रार्थना म्हणजे हवें तें मिळविण्याचा तोडगा असें प्रामाणिकपणें सांगतां येणार नाहीं. बागेंत शिरलेला येशू व्याकुळ होता. बागेंतून निघालेला येशू पकडणाऱ्यांस स्थिर चित्तानें सामोरा गेला. बदल प्रसंगांत झाला नाहीं, प्रार्थना करणाऱ्यांत झाला.

हा बदल कसा घडतो याचें सुरेख वर्णन स्पेनमधील आव्हिला येथील संत तेरेसा (१५१५ ते १५८२) हिनें आत्मचरित्रांत केलें आहे. मन हा बगीचा. त्याला पाणी देण्याचे चार प्रकार. पहिल्यांत माळी विहिरींतून हातानें पाणी शेंदतो; श्रम पुष्कळ, पाणी थोडें. दुसऱ्यांत रहाट असतो. श्रम कमी, पाणी अधिक. तिसऱ्यांत ओढ्याचा पाट वाहतो. चौथ्यांत पाऊसच पडतो, आणि माळ्याला कांहीं करावें लागत नाहीं. आरंभीं पोहरा कोरडा वर आला तरी शेंदणें सोडूं नये, असें ती बजावते. कारण बगीचा मालकाचा आहे, आणि माळ्याचें काम हजर राहणें. याच बाईनें आपल्या मठांतील भगिनींसाठीं लिहिलेल्या दुसऱ्या एका ग्रंथाचा मोठा भाग म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेवरील भाष्यच आहे. दुसरें कांहीं न साधणारी एक भगिनी ही प्रार्थना मनापासून म्हणतां म्हणतांच ध्यानाच्या उच्च अवस्थेस पोंचली, असा दाखला तींत आहे. तेव्हां ख्रिस्ती प्रार्थनेंत चिंतन नाहीं, हा आक्षेप टिकत नाहीं.

पण सर्वच कांहीं संत नसतात. सामान्य माणसें एका छपराखालीं राहूं लागलीं म्हणजे काय होतें, हें इटलींतील बेनेडिक्ट या मठाधिपतीला चांगलें ठाऊक होतें. सहाव्या शतकांत त्यानें आपल्या मठासाठीं जी नियमावली लिहिली, तिच्या १३ व्या प्रकरणांत एक नियम आहे. रोज सकाळच्या व सायंकाळच्या उपासनेच्या शेवटीं मठाच्या मुख्यानें प्रभूची प्रार्थना सर्वांस ऐकूं जाईल अशी मोठ्यानें म्हणावी. कारणहि तेथेंच दिलें आहे. एकत्र राहणाऱ्यांत कलहाचे कांटे उगवतातच. क्षमेच्या त्या अटीनें सर्वजण स्वतःला बांधून घेतात, आणि त्यायोगें ते कांटे दिवसांतून दोनदां उपटले जातात. चौदा-पंधराशें वर्षांपूर्वींचा हा नियम वाचतांना तो आमच्या एकत्र कुटुंबासाठींच लिहिला आहे कीं काय, असें वाटतें. पाटाला पाट लावून जेवणाऱ्या दोन भावांत वर्षानुवर्षें अबोला असतो. जावाजावांत एका शब्दावरून पडलेली तेढ मुलांच्या लग्नापर्यंत पुरते. पूजा रोज होते, आरती रोज होते. पण अबोला तसाच राहतो. बेनेडिक्टानें प्रार्थनेला याच ठिकाणीं कामाला लावलें.

प्रसंग खरोखर कठीण आला म्हणजे ही अट पाळली जाते काय ? याचें एक उदाहरण आमच्या नित्य स्मरणांत असतें. अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया संस्थानांत निकेल माईन्स नांवाच्या वस्तींत आमिश पंथाचे शेतकरी राहतात. हे लोक साधेपणानें वागतात, घोडागाडी वापरतात, आणि प्रभूची प्रार्थना मुलांस लहानपणींच शिकवितात. २ ऑक्टोबर २००६ रोजीं त्यांच्या एकखोली शाळेंत जवळपासच राहणारा एक इसम बंदूक घेऊन शिरला. त्यानें १० मुलींवर गोळ्या झाडल्या. ५ मुली दगावल्या, आणि त्यानें स्वतःचाहि जीव घेतला. त्याच दिवशीं कांहीं आमिश माणसें त्या मारेकऱ्याच्या कुटुंबाकडे गेलीं व आमच्या मनांत तुमच्याविषयीं राग नाहीं असें सांगून आलीं. पुढें त्याच्या दफनाच्या वेळीं जमलेल्या लोकांत निम्म्याहून अधिक आमिशच होते, आणि मुलींसाठीं जगभरांतून आलेल्या पैशांतून त्यांनीं त्याच्या विधवेलाहि वांटा दिला. हें तुम्हांस कसें साधलें असें विचारणाऱ्यांस त्यांनीं दाखविली ती हीच प्रार्थना: आम्ही क्षमा केली नाहीं, तर ती कोणत्या तोंडानें मागावी ? त्यांचें दुःख कमी होतें असें कोणी समजूं नये. मनांत राग पुन्हां पुन्हां उसळतो व क्षमा पुन्हां पुन्हां करावी लागते, असेंहि त्यांनीं सांगितलें. रोजच्या भाकरीसारखी ती रोज मागावी व रोज द्यावी लागते.

नाण्याची दुसरी बाजू लपविणें न्यायाचें होणार नाहीं. हीच प्रार्थना नित्य म्हणणाऱ्यांनीं सन १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायालय उभारलें, आणि मधला थोडा काळ वगळतां तें १८१२ पर्यंत चाललें. त्याच्या जाचाच्या आठवणी आमच्या कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात असत. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, प्रार्थनेचे शब्द आपोआप फळ देत नाहींत. म्हणणाऱ्यानें स्वतःला बांधून घेतलें नाहीं, तर तीच प्रार्थना त्याच्यावरील आरोपपत्र होते. कारण जसें आम्ही सोडतों तसें आम्हांस सोड, असें त्यानें स्वतःच्या तोंडानें मागितलेलें असतें.

त्याच गोव्यांत, त्याच काळांत, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें आमच्या मराठीच्या गोडीला भुलून ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ मध्यें छापून निघालें. पुढें १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनीं अभंग, भजन व कीर्तन यांची परंपरा सोडली नाहीं. त्यांच्या अभंगवाणीमुळें मराठी ख्रिस्ती मंडळीची प्रार्थना तुकोबांच्या छंदांत बोलूं लागली. वसईच्या कॅथलिक गांवांतून पूर्वीं लॅटिनमध्यें होणारी मिस्सा व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर (१९६२ ते १९६५) मराठींतून होऊं लागली. आमच्याच भाषेंत आमचेच शेजारी जें म्हणतात, तें समजून घेणें हें शेजारधर्माचेंच काम आहे.

गीतेनें आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी व ज्ञानी असे चार प्रकारचे भक्त सांगितले, आणि त्या सर्वांसच उदार म्हटलें. मागणाऱ्याला तिनें हांकलून दिलें नाहीं. ख्रिस्ती प्रार्थनाहि मागणाऱ्याला मागूं देते; मात्र मागतां मागतां त्याच्याकडून एक वचन लिहून घेते. देवघराच्या दाराशीं उभ्या असलेल्या मुलाला आम्ही हेंच सांगूं: देवाला कांहीं कळवावयाचें नसतें हें तुझें म्हणणें खरें आहे, बाळ, कळवावयाचें असतें तें स्वतःला. आज कोणाचें देणें आपण धरून बसलों आहों, हें हात जोडण्यापूर्वीं एकदां आठवावें. आणि तो माणूस घरांतच असेल, तर आधीं त्याच्याशीं बोलून यावें. पूजा तेवढा वेळ थांबेल.